आलिशान हॉटेलातली सुट्टी: आधी तासांचा हिशेब, मग कपड्यांचा

मोठ्या हॉटेलातल्या दोन-तीन दिवसांच्या सुट्टीची तयारी बहुतेक जण कपाट उघडून सुरू करतात. पलंगावर कपड्यांचा ढीग पडतो, त्यातले निम्मे ‘असू देत, लागले तर’ म्हणून बॅगेत जातात आणि तिथे पोचल्यावर बराचसा वेळ हॉटेलच्या बाथरोबमध्येच जातो. माझं ठाम मत आहे की कपड्यांचा विचार सगळ्यात शेवटी करावा. कोणत्या वेळी काय करणार हे एकदा पक्कं झालं की बॅग अर्ध्या तासात भरून होते. उलट्या क्रमाने गेलं की बॅग जड होते आणि ऐनवेळी हवं ते नेमकं घरी राहिलेलं असतं.

दुसरी गोष्ट मनाशी आधीच ठरवून ठेवायची. एरवीच्या प्रवासात हॉटेल म्हणजे रात्री पाठ टेकायची जागा. इथे हॉटेल हाच मुक्काम आणि हेच बघायचं ठिकाण. पोहण्याचा पूल, स्पा, बाग, निवांत नाश्ता, खोलीच्या खिडकीतून दिसणारं दृश्य, यातल्या बऱ्याच गोष्टींचे पैसे खोलीच्या भाड्यात आधीच भरलेले असतात. सकाळी बाहेर पडून रात्री परतायचं असेल तर साध्या हॉटेलातही छान सोय होते.

हातात वेळ किती, ते मोजा

बहुतेक हॉटेलांत चेक-इन दुपारी २ किंवा ३ वाजता आणि चेक-आउट सकाळी ११ किंवा १२ वाजता असतं. म्हणजे ‘तीन दिवस, दोन रात्री’ या शब्दांत तीन दिवस दिसत असले तरी पहिल्या दिवशी दुपारी ३ ते तिसऱ्या दिवशी सकाळी ११ हे फक्त ४४ तास होतात. त्यातले १६ झोपेचे. दोन नाश्ते, एक दुपारचं जेवण आणि दोन रात्रीची जेवणं निवांतपणे केली तर सात-आठ तास. आंघोळ, तयारी, सामान लावणं-काढणं यात आणखी तीन-चार. उरतात साधारण सोळा-सतरा तास.

आता यात स्पा धरा. एक तासाचा मसाज कधीच एक तासाचा नसतो. आधी लवकर पोचायचं, फॉर्म भरायचा, कपडे बदलायचे, नंतर थोडं पडून राहायचं, आंघोळ करायची. सॉना किंवा स्टीम रूमही वापरायची असेल तर तीन तास सहज जातात. पूलवर दोनदा जायचं म्हटलं तर आणखी तीन-चार. एवढ्यातच उरलेल्या वेळापैकी जवळजवळ निम्मा संपला.

हा हिशेब कागदावर मांडला की हावरटपणा आपोआप कमी होतो. माझा नियम साधा आहे: अर्ध्या दिवसात वेळ बांधून घेतलेली एकच गोष्ट. सकाळी योगवर्ग असेल तर बाकीची सकाळ मोकळी. संध्याकाळी टेबल राखून ठेवलं असेल तर दुपारी स्पा घ्यायचा नाही. मधल्या रिकाम्या वेळेत पुस्तक, झोप, गप्पा, पाण्यात पाय सोडून बसणं. यासाठीच तर आपण आलेलो असतो.

निघण्याच्या दोन आठवडे आधी हॉटेलला फोन

वेबसाइट वाचून पुरेसं कळत नाही. फोन करा किंवा मेल लिहा आणि नेमके प्रश्न विचारा. ‘तुमच्याकडे काय काय आहे?’ असं विचारलं की माहितीपत्रकच परत ऐकायला मिळतं. त्याऐवजी असे प्रश्न ठेवा:

‘रात्रीच्या जेवणाला पुरुषांना जॅकेट बंधनकारक आहे का? स्नीकर्स चालतात का?’
‘पूलचं पाणी गरम केलेलं असतं का? लहान मुलांसाठी वेगळी वेळ असते का?’
‘आमच्या तारखांना एखादं लग्न किंवा मोठा कार्यक्रम आहे का? कुठलं बांधकाम किंवा दुरुस्ती सुरू आहे का?’
‘खोलीत इस्त्री, हेअर ड्रायर, बाथरोब, स्लिपर्स असतात का?’
‘लवकर पोचलो तर सामान ठेवून पूल वापरता येईल का?’

यातला तिसरा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि सुट्टीचा विचका नेमका तिथेच होतो. मोठ्या समारंभाच्या दिवशी लॉन, एखादं रेस्टॉरंट आणि कधीकधी पूलसुद्धा हॉटेलच्या इतर पाहुण्यांना बंद असतो. तारखा बदलणं शक्य असेल तर हे आधीच कळलेलं बरं. तुमच्या सवडीत बसत असेल तर आठवड्याच्या मधले दिवस घ्या. स्पाच्या वेळा मिळतात, पूलच्या कडेच्या खुर्च्या मोकळ्या असतात आणि नाश्त्याला रांग नसते.

स्पा आणि हॉटेलमधलं मुख्य रेस्टॉरंट, या दोनच गोष्टी आधी राखून ठेवा. शनिवारी दुपारी चार-पाचची स्पाची वेळ आणि सूर्यास्ताच्या वेळचं खिडकीजवळचं टेबल, हे सगळ्यात आधी भरतं. बुकिंग रद्द करायचा नियमही तेव्हाच विचारा. अनेक स्पा २४ तासांच्या आत रद्द केल्यास पैसे परत देत नाहीत.

मोठ्या हॉटेलांत कन्सीयर्ज नावाचा कर्मचारी असतो. पाहुण्यांची बाहेरची कामं, तिकिटं, गाड्या, टेबलं जमवून देणं हे त्याचं काम. कोटाच्या कॉलरवर एकमेकांवर आडव्या ठेवलेल्या दोन सोनेरी किल्ल्यांची पिन दिसली तर तो ‘ले क्ले दॉर’ या कन्सीयर्जच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा सदस्य आहे असं समजा. संघटनेची सुरुवात १९२९ मध्ये पॅरिसमध्ये झाली. अशा माणसाला पोचण्याआधीच एक मेल लिहून ठेवली की निम्मी कामं परस्पर होतात. वाढदिवस असेल, आईचे गुडघे दुखत असतील, सोबतच्या कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल, तेही त्यात लिहा.

कशानंतर काय, याचाच खरा विचार

बेतात गोष्टी कोणत्या यापेक्षा त्यांचा क्रम महत्त्वाचा. तेलाचा मसाज झाल्यावर केस आणि त्वचा तेलकट असते, चेहऱ्यावर उशीच्या खुणा असतात आणि अंगात सुस्ती. त्यानंतर तासाभरात नटून-थटून जेवायला जायचं म्हणजे तारांबळ. म्हणून मसाज पहिल्या दिवशी दुपारी चार-साडेचारला घ्यावा असं मला वाटतं. प्रवासाचा शीण जातो, रात्री खोलीतच किंवा साध्या रेस्टॉरंटमध्ये हलकं जेवायचं आणि लवकर झोपायचं. थाटाचं जेवण दुसऱ्या रात्री. तोवर हॉटेल ओळखीचं झालेलं असतं, कपडे हँगरवर लागलेले असतात आणि मन घाईत नसतं.

स्पाच्या बाबतीत आणखी काही. भरपेट जेवून लगेच मसाजला जाऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. सॉना कोरडा आणि फार गरम असतो, साधारण ७० ते १०० अंश सेल्सिअस. स्टीम रूम ४० ते ५० अंशांच्या आसपास, पण हवा वाफेने गच्च भरलेली. पहिल्यांदा जात असाल तर पाच-सात मिनिटं पुरे, सवय असणाऱ्यांनीही एका वेळी १५ मिनिटांच्या पुढे जाऊ नये. मद्य घेतलं असेल तर दोन्ही टाळायचं, यात तडजोड नको. गरोदरपण, रक्तदाब, हृदयाचा त्रास, नुकती झालेली शस्त्रक्रिया यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना आधी विचारा आणि थेरपिस्टलाही स्पष्ट सांगा. दागिने खोलीतल्या सेफमध्ये ठेवून जा. सॉनामध्ये धातू इतका तापतो की कानातलं चटका देतं आणि गंधकाच्या गरम पाण्यात चांदी काळी पडते. कॉन्टॅक्ट लेन्सही काढूनच जा.

वॅक्सिंग किंवा शेव्हिंग स्पाच्या दिवशी करू नका, एक-दोन दिवस आधी उरका. ताज्या त्वचेवर मिठाचा स्क्रब लागला की आग होते. स्क्रब किंवा फेशियलनंतर थेट उन्हात पूलवर पडून राहणंही चुकीचं. त्यामुळे पूल आधी, स्पा नंतर, हा क्रम दुसऱ्या दिवशीही पाळावा.

पूल रिकामा मिळतो तो सकाळी उघडल्या उघडल्या आणि संध्याकाळी लोक जेवणाच्या तयारीला गेल्यावर. पोहण्याची खरी आवड असेल तर हीच वेळ धरा. उन्हात बसायचं तर सनस्क्रीन १५ ते ३० मिनिटं आधी लावा, दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा.

आता कपडे: दिवस नको, बदल मोजा

‘तीन दिवसांचे तीन ड्रेस आणि एक जास्तीचा’ हा हिशेब इथे लागू पडत नाही. एका दिवसात चार वेळा कपडे बदलतील आणि त्यातले दोन पोशाख तास-दोन तासच अंगावर राहतील. म्हणून कागदावरच्या वेळापत्रकातल्या प्रत्येक ओळीसमोर एक पोशाख लिहा. दोन रात्रींसाठी यादी साधारण अशी निघते: येताना घालायचे कपडे, पूलचे दोन जोड आणि वरून घालायचं काहीतरी, स्पाला जाण्यासाठी सैल कपडे, पहिल्या रात्रीचा साधा पोशाख, दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्याचा, दुपारी फिरायचा, दुसऱ्या रात्रीचा थाटाचा आणि परतीचा. ऐकायला आठ-नऊ पोशाख वाटतात, पण प्रत्यक्षात बॅगेत जातात तीन वरचे, दोन खालचे, एक ड्रेस किंवा जॅकेट, पूलचे कपडे आणि रात्रीचे. बाकी सगळं फिरवून-फिरवून वापरायचं.

हे जमण्यासाठी रंग आवरायला हवेत. एक गडद रंग, एक फिका रंग आणि एखादा आवडता उठावदार रंग. नेव्ही ब्लू पँट, पांढरा आणि मोतिया टॉप, गडद हिरवा ड्रेस अशी जुळणी केली की कोणतंही वरचं कोणत्याही खालच्यावर जातं. चपला-बूटही मग तीनच पुरतात: चालायचे, पूलचे आणि संध्याकाळचे. संध्याकाळच्या बुटांची टाच रुंद असावी. हॉटेलांच्या आवारात लॉन, खडी आणि संगमरवरी पायऱ्या असतात, बारीक टाच तिन्हीकडे दगा देते. कोणताही नवा बूट पहिल्यांदा या सुट्टीत घालू नका. आधी घरातल्या घरात दोन तास घालून फिरा.

आता एकेका पोशाखाकडे.

येतानाचे कपडे सगळ्यात जास्त वेळ अंगावर राहतात आणि त्यांच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. प्रवासात चुरगळणार नाही, बसायला सुखाचं आणि लॉबीत शिरताना आपल्याला अवघडायला होणार नाही असं काहीतरी हवं. निटेड, म्हणजे टी-शर्टसारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडाची सरळ पँट, चांगला टी-शर्ट आणि वरून हलकं जॅकेट किंवा कार्डिगन. हीच कार्डिगन पुढे एसी रेस्टॉरंटमध्ये कामाला येते. अशा ठिकाणी एसी बेदम गार असतो, उन्हाळ्यातही.

पूलसाठी पोहण्याचे दोन जोड लागतात, कारण सकाळी ओला झालेला दुपारपर्यंत वाळत नाही आणि ओलसर स्विमसूट पुन्हा अंगात चढवण्यासारखा वैताग दुसरा नाही. पोहून आल्यावर तो साध्या गार पाण्यात खळबळा, पिळू नका, कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून हलके दाबा आणि सावलीत वाळवा. क्लोरीन आणि उष्णता दोन्हींनी त्यातली इलॅस्टिक सैल पडते. वरून घालायला लांब शर्ट किंवा कफ्तान हवाच, कारण बहुतेक हॉटेलांत पूलच्या कपड्यांत लॉबीतून किंवा रेस्टॉरंटमधून गेलेलं चालत नाही.

स्पासाठी काही वेगळं न्यायची गरज नसते. रोब, स्लिपर्स आणि वापरून टाकायची अंतर्वस्त्रं तेच देतात. जाता-येताना तेल लागलं तरी जीव चुटपुटणार नाही असे सैल, गडद कपडे घाला. केस बांधायला साधा रबर बँड लक्षात ठेवा.

नाश्त्याचा पोशाख जवळजवळ सगळेच विसरतात. सकाळी रात्रीच्या कपड्यांत खाली जाता येत नाही आणि थाटाचा ड्रेस नऊ वाजता विचित्र दिसतो. सैल पँट आणि स्वच्छ शर्ट, एवढंच लागतं, पण ते यादीत लिहिलेलं असावं.

राहिला संध्याकाळचा पोशाख. इथे ड्रेस कोड समजून घ्यायला हवा. ‘रिसॉर्ट कॅज्युअल’ म्हणजे सुती किंवा लिननचे नीटनेटके कपडे, सँडल चालतात, पूलचे कपडे आणि रबरी चपला चालत नाहीत. ‘स्मार्ट कॅज्युअल’मध्ये कॉलरचा शर्ट, व्यवस्थित पँट आणि बंद बूट, महिलांसाठी ड्रेस किंवा छान टॉप-पँट. गडद, न फाटलेली जीन्स काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी नाही, म्हणून विचारायचं. ‘कॉकटेल’ म्हटलं की सूट आणि गुडघ्याच्या आसपासचा ड्रेस. ‘ब्लॅक टाय’ फार क्वचित, एखाद्या खास समारंभाला. तिथे डिनर जॅकेट आणि बो टाय लागतो, पण आपापल्या देशाचा पारंपरिक औपचारिक पोशाख सहसा तितकाच मान्य असतो आणि तो उठूनही दिसतो. लंडनच्या रिट्झसारख्या जुन्या हॉटेलात दुपारच्या चहालाही पुरुषांना जॅकेट लागतं, जीन्स चालत नाही. म्हणजे ड्रेस कोड फक्त रात्रीपुरता असतो असं गृहीत धरू नका.

या पोशाखाची रंगीत तालीम घरी करा. नुसता आरशासमोर उभं राहून नाही, तर खुर्चीत अर्धा तास बसून. कमरेला काचतंय का, ड्रेस वर सरकतोय का, हात पुढे केला की खांद्यात ओढतंय का, हे बसल्यावरच कळतं. चार-पाच कोर्सचं, म्हणजे एकामागून एक टप्प्यांत वाढलं जाणारं जेवण दोन-अडीच तास चालतं. सोबत कोणती अंतर्वस्त्रं, कोणते बूट, कोणते कानातले हे तेव्हाच ठरवून सगळं एका पिशवीत एकत्र ठेवा.

बॅग भरताना

लिनन चुरगळणारच, त्याचा सुरकुतलेला पोत आवडत असेल तरच न्या. क्रेप, जर्सी आणि बारीक मेरिनो लोकर घडीतून जवळजवळ जशीच्या तशी निघते. जाड पँट आणि टी-शर्ट गुंडाळून, शर्ट आणि ड्रेस ड्रायक्लीनरच्या पातळ प्लास्टिकमध्ये घालून सपाट ठेवा. कापड प्लास्टिकवर सरकत राहतं, त्यामुळे घडीची रेघ पक्की बसत नाही.

विमानाने जात असाल तर हँडबॅगेतले द्रव अनेक विमानतळांवर अजूनही प्रत्येकी १०० मिलीच्या बाटलीत आणि एक लिटरच्या पारदर्शक पिशवीतच चालतात. शॅम्पू, बॉडी लोशन हॉटेलात मिळतं, ते नेऊ नका. सनस्क्रीन, चेहऱ्याचं रोजचं क्रीम आणि औषधं मात्र आपलीच हवीत. नव्या क्रीमचा प्रयोग करायची ही वेळ नाही.

एक छोटी पिशवी वेगळी भरा आणि हातात ठेवा: एक स्विमसूट, वरून घालायचा शर्ट, चपला, सनस्क्रीन, चष्मा, पुस्तक. खोली तयार नसेल तर सामान रिसेप्शनवर सोडून पूलवर जाता येतं. लॉबीत दोन तास ताटकळण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

पोचल्यावरचा पहिला अर्धा तास

आधी दुसऱ्या रात्रीचा पोशाख बाहेर काढून हँगरवर लावा. हलक्या सुरकुत्या असतील तर बाथरूमचं दार लावून गरम शॉवर दहा मिनिटं सुरू ठेवा आणि कपडा पाण्यापासून दूर, वाफेत टांगा. जर्सी, लोकर, क्रेप यांना एवढं पुरतं. लिननवर याचा फारसा परिणाम होत नाही, त्याला किंचित ओलं करून इस्त्रीच हवी. रेशमावर पाण्याचा थेंब पडला तर डाग राहतो, तेव्हा ते हॉटेलच्या माणसांकडेच द्या. इस्त्रीला कपडे पहिल्याच संध्याकाळी द्या, कारण घाईने करून घेतलं की जादा आकार लागतो आणि सहसा तो बराच असतो.

मिनी बारमधल्या, म्हणजे खोलीतल्या छोट्या फ्रिजमधल्या बाटल्या उगाच उचलून पाहू नका. काही हॉटेलांत खाली सेन्सर असतो, बाटली हलली की बिलात नोंद होते. मग सामान लावून झाल्यावर सगळा परिसर एकदा फिरून या, काही न करता. कुठे सकाळचं ऊन येतं, कुठल्या कोपऱ्यात सावली टिकते, स्पाचा रस्ता कुठून आहे हे कळलं की पुढचे दोन दिवस शोधाशोध होत नाही.

पांढऱ्या कपड्यांची काळजी इथूनच सुरू होते. अनेक सनस्क्रीनमध्ये ॲव्होबेन्झोन हे ऊन अडवणारं रसायन असतं. पाण्यात लोह असेल तर त्याच्याशी मिळून कॉलरवर गंजासारखे नारिंगी डाग उठतात आणि ते बहुधा धुतल्यानंतरच दिसतात. ब्लीच लावलं तर ते आणखी पक्के होतात. म्हणून सनस्क्रीन लावल्यावर पांढरा शर्ट घालायची घाई करू नका, आधी ते अंगात मुरू द्या. मेकअप काढायला हॉटेलचा पांढरा टॉवेल वापरू नका, गडद कापड किंवा कॉटन सोबत ठेवा.

सोबतच्या माणसांचं काय

दोघं जात असाल तर निघण्याआधी एकमेकांना एकच प्रश्न विचारा: या सुट्टीत तुला सगळ्यात जास्त काय हवंय? एकाला झोप हवी असते, दुसऱ्याला पोहणं. दोन्ही गोष्टी वेळापत्रकात आधी लिहा, बाकीचं नंतर. सगळा वेळ एकत्रच घालवला पाहिजे असं नाही. एक जण स्पात असताना दुसऱ्याने निवांत वाचत बसावं. मुलं सोबत असतील तर थाटाचं जेवण लवकरच्या वेळेला घ्या. ज्येष्ठ असतील तर लिफ्टजवळची खोली आणि बाथरूममध्ये धरायचा दांडा आहे का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. पोशाखाची पातळी मात्र सगळ्यांनी मिळून ठरवा. एक जण ड्रेसमध्ये आणि दुसरा पोलो टी-शर्टमध्ये असला की दोघांचीही संध्याकाळ अवघडून जाते.

शेवटची सकाळ

आदल्या रात्री झोपण्यापूर्वी रिसेप्शनला उशिरा चेक-आउट मिळेल का विचारा. खोली रिकामी असेल तर तास-दोन तास बऱ्याचदा फुकटही मिळतात. नाही मिळाले तरी अनेक ठिकाणी खोली सोडल्यानंतर पूल आणि शॉवर वापरू देतात. मग परतीचे कपडे छोट्या पिशवीत बाजूला काढा, बॅग बंद करून त्यांच्याकडे ठेवायला द्या आणि सकाळ पूर्ण वापरा. ओल्या स्विमसूटसाठी बंद होणारी पिशवी हाताशी ठेवा. बिल आदल्या रात्रीच मागवून एकेक ओळ तपासा, सकाळच्या रांगेत घाई होते. आणि खोलीचं दार ओढून घेण्याआधी तीन जागा बघा: सेफ, पलंगाच्या बाजूचा प्लग आणि बाथरूमच्या दारामागचा हुक.